नवरा तिथला असला तरी

अगं छकुले, तुझा मेसेज ऐकला. जर्मनची ए-वन परीक्षा पास झालीस, व्हिसाची तारीखही लागली, आणि मावशीचं एकच पालुपद चालू आहे, ‘जावई तिथलाच आहे, मला मेलीला कसली काळजी!’ ओळखीतल्या बाकीच्या पोरी नवऱ्याच्या आयटीतल्या नोकरीपाठोपाठ गेल्या. दोघंही नवखे, चार गोष्टी विचारायला हक्काचं कुणी नाही. तुला मात्र सगळं आयतं. तू हसून विषय टाळलास. मी टाळणार नाहीये. या ‘आयत्या’बद्दलच मला तुझ्याशी बोलायचंय, आणि मावशीच्या कानावर नको म्हणून लिहून पाठवतेय.

आधी एक गंमत ऐक. जर्मन माणसाशी लग्न केलेल्या बाईला इथे यायच्या आधी ए-वनचं सर्टिफिकेट दाखवावं लागतं. २००७ पासूनचा नियम आहे. थोड्या सवलती आहेत, पण त्यांच्या भरवशावर कुणी राहत नाही. आणि ब्लू कार्डवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर, आलेल्या आपल्या इंजिनिअरची बायको? तिला काहीच दाखवावं लागत नाही. म्हणजे जिच्या घरात जन्माने जर्मन बोलणारा माणूस आहे तिची परीक्षा, आणि ज्या घरात दोघंही ‘डांके’च्या पुढे सरकलेले नाहीत त्यांना सूट! मॅक्सम्युलर भवनात डेर-डी-डास घोकताना तू यावरून केवढी चिडली होतीस. पण खरं सांगू? तुझं त्यात भलंच झालं. कारण एकदा इथे आलीस की जर्मन शिकायची गरज तुला कुणी भासूच देणार नाही.

तुमचं इंग्रजीत जमलं, इंग्रजीतच भांडता, लाडीगोडीही इंग्रजीतच. ज्या भाषेत जमलं ती भाषा नंतर बदलत नाही गं. मी आणि माझा जर्मन नवरा ठरवून जर्मन बोलायला बसायचो आणि दोघांनाही नाटकाची तालीम चाललीय असं वाटायचं. पाच मिनिटांत परत इंग्रजी. त्यात तुझा नवरा गुणी. त्याला वाटणार, बिचारी एवढ्या लांबून आली, तिला कशाला त्रास? डॉक्टरची अपॉइंटमेंट तो घेणार, विजेच्या कंपनीला फोन तो करणार, पेटीत आलेलं प्रत्येक पत्र उघडून ‘काही विशेष नाही’ म्हणून तो फाइल करणार. सगळं मायेपोटी. आणि तू मागच्या सीटवर. आठवतं ना, शाळा-कॉलेजची सगळी वर्षं तू दादाच्या स्कूटरवर मागे बसून पुणं फिरलीस, आणि स्वतःची गाडी घेतलीस तेव्हा स्वारगेटहून पर्वतीकडे कुठून वळायचं हेही तुला ठाऊक नव्हतं? तसंच होतं अगदी.

आता त्या ‘बिचाऱ्या’ आयटीवाल्या जोडप्यांचं बघ. ती दोघं पहिल्याच आठवड्यात अनमेल्डुंगसाठी, म्हणजे पत्त्याच्या नोंदणीसाठी, महापालिकेच्या कार्यालयात धक्के खातात. आरोग्यविमा कुठला घ्यायचा यावर रात्र-रात्र जागतात. घरात टीव्ही नसतानाही महिन्याला १८ युरो ३६ सेंट कसले मागताहेत म्हणून वैतागतात आणि मग शोधून काढतात, की ही रेडिओ-टीव्हीची वर्गणी घरटी भरावीच लागते. मुदतीत नोटीस दिली नाही म्हणून इंटरनेटचं कंत्राट गळ्यात अडकतं, आणि कस्टमर केअरवाल्याशी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये भांडून बायको ते सोडवून घेते. माझ्या ओळखीतली इथल्या कागदपत्रांची सगळ्यात पक्की बाई अशीच एक आयटीवाल्याची बायको आहे, सांगोल्याची. मला काही अडलं तर मी नवऱ्याला न विचारता तिला विचारते. नवऱ्याला तरी काय माहीत? त्याला जन्मल्यापासून सगळं मिळालंय, मिळवावं कुठे लागलंय.

आणि दुसऱ्या बाजूला माझी एक मैत्रीण. नाव सांगत नाही. नवरा जर्मन, स्वभावाने देवमाणूस, लग्नाला दहा-बारा वर्षं झालेली. त्याला अपघात झाला आणि तो काही आठवडे दवाखान्यात पडला. नेमकं थंडीत घराचं हीटिंग बंद. ही कपाटापुढे उभी. आत ऑर्डनरची रांग. ऑर्डनर म्हणजे त्या जाड कण्याच्या, खटक्याच्या फायली. कण्यांवर नवऱ्याच्या अक्षरात लिहिलेलं: विमा, कर, घर, गाडी, पेन्शन. (अशा खटक्याच्या फायली जगभर पोचवणारी लाइट्झ कंपनी आपल्या स्टुटगार्टचीच. इथल्या माणसाचं अख्खं आयुष्य त्यात पंच करून लावलेलं असतं.) हिने त्यातली एकही कधी उघडली नव्हती. इमारत सांभाळणाऱ्या कंपनीचा नंबर शेवटी सापडला, पण फोनवर बोलली तिची आठ वर्षांची लेक. पलीकडचा माणूस म्हणाला, ‘बाळा, घरात कुणी मोठं माणूस आहे का?’ लेकीने आईकडे बघितलं आणि सांगितलं, ‘नाही.’

मला हे सांगताना ती हसत होती, पण ते हसू मला आवडलं नाही.

म्हणून पहिलं काम सांगते. इथे आल्यानंतरचा पहिला पावसाळी रविवार निवडून (तोटा नाही त्यांचा इथे) नवऱ्याला शेजारी बसव आणि एकेक ऑर्डनर उघड. कुठला विमा, किती हप्ता, कुणाला फोन करायचा. आणि तुझ्या नावाचा एक वेगळा ऑर्डनर त्याच दिवशी सुरू कर. तुझ्या नावाने आलेलं पत्र तू उघडायचंस, तू वाचायचंस. अडेल तिथे विचार, पण उत्तराचा मसुदा तुझा. पहिल्या वर्षी तासन्‌तास जातील. जाऊ देत.

इंटिग्रेशन कोर्सला नाव घाल, त्यात टाळाटाळ नको. भाषेचे ६०० तास आणि वर १०० तास इथला इतिहास, कायदे, समाज. ‘माझा नवराच जर्मन आहे, मला हे कशाला’ असं म्हणणाऱ्या बायका मी पाहिल्यात. अगं, त्या वर्गाचा मोठा फायदा म्हणजे तिथे नवरा नसतो. शेजारी सीरियातला न्हावी, पलीकडे युक्रेनची शिक्षिका, पुढे ब्राझीलची एखादी तुझ्यासारखीच लग्न होऊन आलेली. त्यांच्याशी बोलायला जर्मनशिवाय दुसरी भाषाच नसते. शेवटी ३३ प्रश्नांची परीक्षा असते, १५ बरोबर आले की झालं. सगळे प्रश्न आधीच छापलेले आहेत, तुझ्यासारखीला दोन आठवडे पुरतील. जमलं तर तुझ्या नवऱ्यालाही ती सोडवायला दे. माझ्या नवऱ्याला दिली होती. राज्यघटनेवरच्या प्रश्नाशी त्याची गाडी अडली आणि जेवण होईपर्यंत तो प्रश्नच कसा चुकीचा आहे ते सांगत बसला.

समाजशास्त्रात मिल्टन गॉर्डन म्हणून एक अमेरिकन होऊन गेला. बाहेरून आलेली माणसं एखाद्या समाजात कशी मिसळत जातात यावर १९६४ मध्ये त्याने पुस्तक लिहिलं. त्याच्या मांडणीत आधी माणसं एकमेकांच्या मित्रमंडळींत, क्लबांत, संस्थांत शिरतात आणि त्यातून पुढे सोयरिकी जुळतात. तुझं गाडं उलटं आहे बघ. सोयरीक आधी, शिरकाव बाकी. लोक मात्र सोयरीक बघून धरून चालतात की शिरकावही झाला. स्थानिक जोडीदार असलेल्या परदेशी माणसाला नोकरी-पगार बरा मिळतो असंही म्हणतात, आणि ते लग्नामुळे की मुळात भाषा येणारी, चार लोकांत वावरणारी माणसंच अशी लग्नं करतात म्हणून, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मला विचारशील तर दुसरं कारण जड आहे.

पैशाचं बोलूया. इथेच बायका फसतात, आणि फसवणारं कुणी नसतं.

तू फिजिओथेरपिस्ट. तो धंदा इथे नियंत्रित आहे, म्हणजे मान्यतेशिवाय काम करता येत नाही. २०१२ मध्ये परदेशी पदव्यांच्या मान्यतेचा कायदा आला, त्यामुळे अर्ज करायचा हक्क तुला आहे. पण अभ्यासक्रमाचे तास, विषय, भाषांतरं, अनुभवाचे दाखले असा हा ढीग जमवावा लागतो. तपासून ते सांगणार की एवढं कमी पडतंय, मग पुरवणी प्रशिक्षण किंवा परीक्षा. त्यावर बी-टू पातळीची भाषा. वर्ष-दीड वर्ष सहज जातं. दोघंही परदेशी असलेल्या घरात बायको हे कंबर कसून करते, कारण एका पगारात भागत नसतं. तुझ्या घरी भागेल. नवऱ्याच्या विम्यात तू फुकट बसशील. मग कर. लग्न झालेल्यांना करवर्ग निवडता येतो. जास्त कमावणाऱ्याने तिसरा आणि कमी कमावणाऱ्याने पाचवा घेतला की महिन्याला घरात रोख जास्त येते. वर्षाअखेरचा हिशेब झाला की एकूण कर तेवढाच, पण दरमहा दिसतं काय? नवऱ्याचा पगार फुगलेला आणि बायकोच्या पगारातून एवढी कपात की ती म्हणते, ‘एवढ्यासाठी कशाला राबायचं?’ मग एखादा मिनिजॉब, थोड्या तासांचं किरकोळ काम. मग बाळ. बाळंतपणानंतरचं एल्टर्नगेल्ड, म्हणजे पालकभत्ता, साधारणपणे आधीच्या निव्वळ पगाराच्या ६५ टक्क्यांच्या आसपास मिळतो, ३०० पासून १८०० युरोपर्यंत. पाचव्या वर्गात निव्वळ पगार कमी, म्हणून भत्ताही कमी. मग ‘आता बाळ लहान आहे’. आणि कोथरूडच्या क्लिनिकमध्ये जिच्यापुढे रांग लागायची ती बाई दहा वर्षांनी सांगते, मी पूर्वी फिजिओथेरपी करायचे.

यात कुणी कुणाला डांबून ठेवलं नाही. प्रत्येक पायरीवर हिशेब बरोबर होता. म्हणून तू हिशेब महिन्याचा करू नकोस. दोघांनी चौथा वर्ग घ्या. बाळाचा विचार डोक्यात आला की लगेच करवर्गाचा विचार कर, कारण दिवस गेल्यावर बदलायला उशीर झालेला असू शकतो. मान्यतेच्या कागदांना आजच हात घाल. कॉलेजच्या ऑफिसातून तासांचा तपशील सही-शिक्क्यानिशी घ्यायला किती खेटे पडतात ते तुला माहीत आहे, आणि पुण्यात बसून पडलेले खेटे स्टुटगार्टहून मारलेल्या फोनांपेक्षा परवडले.

कागदांवरून आठवलं. आपल्याकडचा अपोस्टिलचा शिक्का जर्मनी मानत नाही. भारत त्या करारात सामील झाला तेव्हाच जर्मनीने हरकत घेतली होती. त्यामुळे जन्माचा किंवा लग्नाचा दाखला खरा आहे का याची वेगळी पडताळणी होऊ शकते आणि त्यात महिनेच्या महिने जातात. नवऱ्याला हे समजावताना तुझी खरी करमणूक होईल. तो म्हणेल, ‘असं असूच शकत नाही.’ त्याने आयुष्यात आउसलेंडरबेहोर्डचं, परदेशी लोकांच्या कार्यालयाचं, दार पाहिलेलं नसणार. पहिल्यांदा तुझ्याबरोबर तिथे बसेल, टोकन हातात धरून, आणि टेबलापलीकडची बाई त्याच्या बायकोशी ज्या सुरात बोलते तो सूर ऐकेल. माझा नवरा बाहेर आल्यावर बराच वेळ गप्प होता. आपला देश आपल्याला जसा दिसतो तसाच सगळ्यांना दिसतो अशी त्याची समजूत होती. त्या दिवसानंतर मतदानाला जाताना तो वेगळ्या गोष्टी बघायला लागला.

हे फक्त आमच्या-तुमच्या घरातलं नाही बरं का. या देशाचा कायदाच अशा घरांनी वाकवलाय. परदेशी माणसाशी लग्न केलं की जर्मन बाईचं नागरिकत्व जायचं. ते प्रकरण पुरतं संपलं १९५३ मध्ये. त्यानंतरही आई जर्मन आणि बाप परदेशी असेल तर मूल परदेशीच; ते बदललं १९७५ पासून. मध्ये १९७२ साली म्युनिक ऑलिंपिकमध्ये हल्ला झाला. मग अरब पुरुषांना देशाबाहेर काढायला लागले, तेव्हा त्यांच्या जर्मन बायकांनी फ्रँकफुर्टमध्ये एकत्र येऊन संघटना उभी केली. रोझी वोल्फ-अल्मानास्रे ही त्यातली पुढाकार घेणारी. आज तीच संस्था ‘द्विराष्ट्रीय कुटुंबां’ची म्हणून ओळखली जाते आणि सल्लाही देते. तुला कधी कायद्याचं काही अडलं तर त्यांचं दार ठोठाव. आणि जर्मनांना नावं ठेवायच्या आधी हेही ऐक: परदेशात जन्मलेल्या मुलाला आईकडून भारतीय नागरिकत्व मिळायला आपल्याकडे १९९२ उजाडावं लागलं. तोवर बापच लागायचा.

आडनावाचं काय ठरवलंत? मला विचारलंस म्हणून सांगते, आमच्याकडे घर शोधताना एक प्रयोग झाला. मी माझ्या आडनावाने फोन केला, घर गेलेलं होतं. तासाभराने नवऱ्याने त्याच्या आडनावाने त्याच घरासाठी केला, घर शिल्लक होतं, शिवाय ‘कधी येता बघायला?’ त्याच्या नावाची छत्री घ्यायची की आपलंच नाव पाटीवर लावून पावसात उभं राहायचं, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी आपलंच ठेवलं, पण ती हौस आम्हाला महाग पडली, हे लपवत नाही. मे २०२५ पासून इथे नवरा-बायकोला आणि मुलांनाही जोडआडनाव लावता येतं. तुम्हाला तो रस्ता मोकळा आहे. फक्त पासपोर्टवर आधी बदल करून मग तिकिटं काढ.

आता सासूबाई. तुझं सासर आल्बच्या पठारावरच्या खेड्यात, हे मला सगळ्यात आवडलेलं. तुला ते संकट वाटतंय, कारण त्यांची भाषा तुझ्या मॅक्सम्युलरच्या जर्मनसारखी नाही. पहिल्यांदा तर काही म्हणजे काही कळणार नाही. पण तू उद्या ज्यांचे गुडघे आणि खांदे धरणार आहेस ती म्हातारी माणसं याच बोलीत बोलतात. इथे ‘फूस’ दुखतोय म्हणाली तर पाऊल बघू नकोस, मांडीपासून खाली कुठेही असू शकतं, आपल्या ‘पाय दुखतो’सारखंच. हे कुठल्या कोर्समध्ये शिकवत नाहीत.

सासूबाईंना नावाने हाक मारावी लागेल. हो, नुसत्या नावाने, मागे काही नाही. माझी जीभ अडखळायची. मी कितीतरी दिवस हाक मारायचंच टाळत होते, समोर जाऊन उभी राहायचे आणि त्या बघेपर्यंत थांबायचे. तू असं करू नकोस, त्यांना वाटतं सून फटकून वागते. आणि त्यांच्याकडे एकटी जा. नवऱ्याबरोबर गेलीस की तो मध्ये बसणार, त्यांचं तुला आणि तुझं त्यांना सांगणार, आणि दोघी त्याच्या तोंडाकडे बघत राहणार. एकटी गेलीस की त्या कोबी चिरायला देतील. स्पेट्झलं, म्हणजे इकडच्या घरगुती शेवया, करताना पीठ किती सैल हवं ते बोलून सांगता येत नाही, तुझ्या हातातला चमचा घेऊन त्या दाखवतील. पीठ फेटून फेटून त्याला बुडबुडे आले पाहिजेत, आणि फळीवरून उकळत्या पाण्यात ते सुरीने सपासप खरवडायचं. तिकडचा हुकमाचा बेत म्हणजे मसूर आणि स्पेट्झलं, वर व्हिनेगरचा सपकारा. आल्बवर मसूर पिकतात, तुझ्या कोल्हापूरच्या आजीला पटणार नाही, पण पिकतात. पहिल्यांदा खाल्लं की हात फोडणीच्या पळीकडे जातो. आवर. चार-पाच वेळा त्यांच्या पद्धतीचं खा, मग एक दिवस आपल्या पद्धतीचं करून ने. माझ्या सासूबाईंनी माझी मसुरीची आमटी चाखली आणि म्हणाल्या, ‘वाईट नाही.’ मी हिरमुसले. नंतर कळलं, या भागात यापेक्षा मोठी शाबासकी नसते.

नवऱ्याच्या गावात बँड असेल, गायनमंडळ असेल, स्वयंसेवकांचं अग्निशमन दल असेल. इथे चार माणसं जमली की फेराइन काढतात, नोंदणीकृत संस्था, अध्यक्ष-खजिनदारासकट. त्यातली एक तुझी निवड, आणि ती नवऱ्याची नको. तो फुटबॉलला जातो म्हणून तू फुटबॉलच्या केकच्या स्टॉलवर उभी राहिलीस तर जन्मभर ‘अमक्याची बायको’. तू गाणारी, गायनमंडळात जा. जर्मनमध्ये गाताना उच्चार आपोआप सुधारतात आणि दर आठवड्याला चाळीस माणसं तुला तुझ्या नावाने ओळखायला लागतात. स्टुटगार्टातल्या इमारतीत केरवोखं असतं. जिन्याचा केर काढायची पाळी ज्याची, त्याच्या दारावर पाटी लटकते. ती पाटी आली की जिना तू झाड, नवऱ्यावर ढकलू नकोस. थंडीतला तासभर जातो, पण वरच्या मजल्यावरची आजी जाता-येता थांबते आणि आधी जिन्याच्या कोपऱ्याबद्दल तक्रार करते, मग पुढच्या पाळीला स्वतःच्या नातवांबद्दल सांगते. माझी इथली पहिली मैत्रीण अशी, झाडूमुळे झाली.

तुला गेल ऑम्व्हेट माहीत असतील. आपल्या सांगली जिल्ह्यातलं कासेगाव. मूळच्या मिनिआपोलिसच्या. महाराष्ट्रातल्या ब्राह्मणेतर चळवळीवर त्यांनी बर्कलीत पीएच.डी. केली, भारत पाटणकरांशी १९७६ मध्ये लग्न केलं, १९८३ मध्ये भारतीय नागरिक झाल्या आणि २०२१ मध्ये कासेगावातच गेल्या. सासू इंदुताई पाटणकर, स्वातंत्र्यलढ्यातल्या. एवढं खमकं सासर मिळालं म्हणून त्या रुजल्या असं कुणी म्हणेल. मला वाटतं, सासर मिळायच्या आधीच त्यांचं महाराष्ट्रातलं काम सुरू झालेलं होतं. फुल्यांच्या शोधात त्या आल्या, मराठी शिकल्या, माणसं जोडली, आणि त्या माणसांतच नवरा भेटला. सासरने त्या कामाला घर दिलं. तू तुझं काम घेऊन ये एवढंच माझं म्हणणं. घर आहेच.

महाराष्ट्र मंडळाबद्दल विचारलंस. जा की! गणपतीला, दिवाळीला जा. जर्मन नवरा असलेल्या काही जणी तिकडे फिरकतच नाहीत, जणू आपण वरच्या वर्गात गेलो. आणि काही जणी शनिवार-रविवार तिथेच मुक्कामाला. दोन्ही नको. पण नवऱ्याला एकदा घेऊन जा आणि मुद्दाम भाषांतर करू नकोस. तीन तास नाटुकली, आरती, खिरापत, पुणेरी टोमणे. प्रत्येक हशाला तो उशिरा हसेल, ‘काय म्हणाला, काय म्हणाला’ म्हणून तुझं कोपर ओढेल. तू सांग, ‘नंतर सांगते.’ तू त्याच्या आत्याच्या साठीला असंच बसलेली असतेस, हे त्या तीन तासांत त्याला कळतं. आमच्याकडे त्यानंतर जेवणाच्या टेबलावरचं वागणं बदललं. कुणी भराभर बोलायला लागलं की तोच हात वर करतो, ‘हळू, ती ऐकतेय.’

मुलांच्या वेळी मराठी सोडू नकोस. लोक घाबरवतील, मूल गोंधळेल म्हणून. नाही गोंधळत. तू मराठीत, तो जर्मनमध्ये, तुमचं इंग्रजी ती पोरं गुपचूप आपोआप उचलतात, मग तुम्हाला भांडायला चौथी भाषा शोधावी लागेल. मूल वर्षाचं झालं की पाळणाघरात, किटात, जागेचा कायदेशीर हक्क असतो, २०१३ पासून. हक्क असतो, जागा असतेच असं नाही, म्हणून पोटात असतानाच नाव घालतात. तिथल्या पालकसभेला तू जायचंस. एवढुशा खुर्च्यांवर गुडघे कानाशी लावून बसायचं, कंदिलांच्या मिरवणुकीला कोण काय आणणार यावर तास घालवायचा. सगळं नाही कळलं तरी हात वर करून ‘केक मी आणते’ म्हणायचं. तेवढ्याने तुझ्या मुलाची आई म्हणून तू त्या खोलीत असतेस.

एक गोष्ट मात्र नवऱ्याबद्दल संशय म्हणून सांगत नाही. तो चांगला आहे, मी भेटलेय. तरी ऐकून ठेव. तुझा इथे राहायचा परवाना लग्नावर उभा आहे. जर्मनीत एकत्र संसार ३ वर्षं झाला की पुढे काही बिनसलं तरी तुला स्वतंत्रपणे राहायचा हक्क मिळतो. त्याआधी बिनसलं तर अवघड, पण घरात मारहाण-छळ असेल तर कायद्यात त्याला वेगळी वाट आहे. कुणी ‘तुला परत पाठवीन’ म्हणालं तर ते त्याच्या हातात नसतं, सरकारच्या हातात असतं. ११६ ०१६ हा नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे, आणि जर्मन येत नसलं तरी दुभाष्या मिळतो. तुला लागणार नाही. पण उद्या वर्गात शेजारी बसलेल्या कुणाला लागेल आणि तेव्हा तुझ्याकडे असायला हवा. स्वतःच्या नावाचं बँक खातं, पासपोर्ट स्वतःच्या कपाटात, हे मात्र तुलाही.

३ वर्षांनी कायमचा परवाना मागता येतो, त्याला बी-वन लागतं. जर्मन माणसाशी लग्न झालेल्यांना साधारण तेव्हाच नागरिकत्वाचाही अर्ज करता येतो. जर्मनी आता दोन पासपोर्ट चालवून घेते, २०२४ पासून सगळ्यांनाच. भारत घेत नाही. म्हणजे तो निळा पासपोर्ट परत करून ओसीआय कार्ड घ्यायचं. मत देता येणार नाही, शेतजमीन विकत घेता येणार नाही. वारशाने आलेली चालते, त्यामुळे मामांच्या गुहागरच्या कलमांची चिंता नको. मी अजून तो अर्ज केलेला नाही. नवरा दर वर्षी विचारतो, मी दर वर्षी पुढच्या वर्षी म्हणते. तुझ्या नवऱ्यालाही लग्नाला २ वर्षं झाली की ओसीआय मिळू शकतं. त्याला तो अर्ज स्वतः भरायला लाव. फोटोचा आकार, सहीची चौकट, कुठलं पान कुठे चिकटवायचं, सगळं त्याचं त्याला करू दे. तू फक्त चहा कर.

येताना गोडा मसाला आणू नकोस, माझ्याकडे दोन किलो पडलाय. जन्मदाखल्याच्या प्रती जास्त आण, लग्नाच्या दाखल्याच्या त्याहून जास्त, आणि कॉलेजचे ते तासांचे कागद हातातल्या बॅगेत ठेव, चेक-इनला टाकू नकोस. काही अडलं तर फोन कर. रविवारी दुपारी तीन ते पाच सोडून कधीही. तेव्हा मी सासूबाईंकडे कॉफी-केकला असते आणि त्या टेबलावर फोन बाहेर काढलेला चालत नाही.